आहारतक्त्याआधीचा एक तास

पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना पहिल्या भेटीत जवळपास प्रत्येक जण माझ्याकडे तक्ता मागतो. सकाळी उठल्यावर काय घ्यायचे, न्याहारीला काय, दुपारी किती पोळ्या, रात्री काय टाळायचे, एवढे एका कागदावर लिहून मिळाले की काम झाले, अशी त्यामागची समजूत असते. ही अपेक्षा मला समजते, कारण आजारी किंवा काळजीत असलेल्या माणसाला स्पष्ट सूचना हव्याच असतात. तरीही पहिल्या भेटीत मी तक्ता देत नाही. तो तास मी विचारण्यात आणि ऐकण्यात घालवते, आणि त्या तासाशिवाय लिहिलेला तक्ता त्या माणसाचा नसतो, असे माझे ठाम मत आहे.

मी काय विचारते, ते सांगते. घरात महिन्याला तेल किती येते आणि रोज जेवणारी माणसे किती, हा माझा ठरलेला प्रश्न आहे, कारण ‘आम्ही तेल कमीच खातो’ हे उत्तर सगळेच देतात, पण पाच लिटरचा डबा चार माणसांना किती दिवस पुरतो हे सांगताना खरे चित्र आपोआप समोर येते. मीठ, साखर आणि गुळाचेही असेच विचारते. स्वयंपाक कोण करते, भाजी कोण आणते, डबा किती वाजता भरला जातो आणि किती वाजता उघडला जातो, पहिला चहा कधी होतो, दिवसभरात एकूण किती होतात, रात्रीचे जेवण आणि झोप यांच्यात किती वेळ जातो, आठवड्यातले उपवास कोणते, हे सगळे विचारते. ज्येष्ठांना दातांबद्दल विचारायला मी कधी विसरत नाही. कवळी नीट बसत नसेल तर भाकरी, कोशिंबीर, मोडाची उसळ हे सारे ताटातून हळूहळू नाहीसे होते, त्यांच्या जागी मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटे आणि खारी येते, आणि घरच्यांना वाटते की वयोमानाने भूक मंदावली आहे. अशा वेळी आहारसल्ल्यातली पहिली ओळ दंतवैद्याकडे जाण्याची असते.

त्यानंतर शरीर. आपल्याकडे अजूनही वजनकाट्यावरचा आकडा सर्वस्व मानला जातो, आणि हडकुळा माणूस निरोगी असणारच, असे गृहीत धरले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही समजूत मोडून काढण्यासाठी स्वतःच्याच शरीराचा दाखला दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत मोजलेला वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा म्हणजे २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के होते आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या गर्भवतींच्या अभ्यासातून असेही दिसले की ही ठेवण जन्मापासूनच असते. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पण वजनात एवढा फरक असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणून माझ्यासमोर बसलेल्या सडपातळ माणसाचा हात बारीक आणि पोट पुढे आलेले दिसले की मी वजनापेक्षा कमरेच्या घेराकडे पाहते. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते, आणि वजनाचा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की आपल्या लोकांसाठी तो जास्तच मानला जातो, जरी युरोपीय लोकांसाठी ती रेषा २५ वर असली तरी. अशा माणसाला ‘कमी खा’ असे सांगणे निरुपयोगी असते, अनेकदा घातकही असते, कारण त्याच्या ताटात आधीच डाळ आणि दूध कमी असते, आणि उपाशी राहून तो उरलेसुरले स्नायूही घालवून बसतो. त्याला प्रथिने वाढवायची असतात, भाताचा आणि पोळीचा वाटा मोजायचा असतो आणि स्नायूंना काम द्यायचे असते.

प्रत्येक शरीराकडून अन्नाला मिळणारी प्रतिक्रिया वेगळी असते, हे आता केवळ अनुभवाचे बोल राहिलेले नाहीत. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८०० माणसांची रक्तशर्करा आठवडाभर सतत मोजली. तोच पदार्थ खाऊन एकाची साखर झपाट्याने चढत होती आणि दुसऱ्याची जेमतेम हलत होती. पुढे २०२० साली ब्रिटनमधल्या सुमारे हजार लोकांवरच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्या भावंडांमध्येही जेवणानंतरच्या प्रतिक्रियांत लक्षणीय फरक आढळला, म्हणजे जनुके सारखी असली तरी प्रश्न सुटत नाही. आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ सालचा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात ६०९ प्रौढांना कमी स्निग्ध किंवा कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला गेला आणि कोणाची जनुकीय ठेवण कोणत्या आहाराला जुळते हे आधी तपासले गेले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांचे सरासरी वजन जवळपास सारखेच, पाच ते सहा किलोंनी, घटले आणि जनुकीय जुळणीचा काहीही उपयोग दिसला नाही. मात्र दोन्ही गटांच्या आत माणसामाणसांत प्रचंड अंतर होते: कोणी पंचवीस-तीस किलो घटवले, तर कोणाचे वजन उलट वाढले.

हे अभ्यास एकत्र वाचले की मला त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. माणसामाणसांतला फरक खरा आहे, पण तो थुंकीच्या नमुन्यावरून कुरियरने घरी येणाऱ्या अहवालात आज तरी सापडत नाही. माझ्याकडे असे रंगीत अहवाल घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्याहून अधिक चिंता मला रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे मोजून शंभर-दोनशे पदार्थांची ‘असहिष्णुता यादी’ देणाऱ्या चाचण्यांची वाटते. ही प्रतिपिंडे एखादा पदार्थ आपण नेहमी खातो एवढेच दाखवतात. ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटना या चाचण्या वापरू नका असे सांगत आल्या आहेत, तरी त्या विकल्या जातात, आणि गहू, दूध, शेंगदाणे, अंडी, टोमॅटो सारे बंद केलेली आई आपल्या वाढत्या मुलाला घेऊन समोर बसते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. त्या मुलाला खरोखर दूध सोसत नाही का, हे शोधायला दोन-तीन आठवडे दूध थांबवून, लक्षणांची नोंद ठेवून, मग पुन्हा थोडे थोडे सुरू करून पाहणे पुरते. अनेकांना दूध सोसत नाही पण ताक आणि दही सोसते, कारण विरजणात दुधातली साखर बऱ्याच अंशी कमी झालेली असते.

खाणाऱ्याकडे पाहून अन्न ठरवायचे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा परिणाम ठरवणाऱ्या आठ बाबी दिल्या आहेत: पदार्थाची प्रकृती, त्यावरचा संस्कार, पदार्थांचा संयोग, प्रमाण, देश, काळ, जेवण्याचे नियम आणि शेवटी स्वतः खाणारा माणूस. त्याच्या अंगवळणी काय पडले आहे, हे या आठव्या बाबीत येते. मी आधुनिक पोषणशास्त्र शिकले आहे आणि औषधोपचाराच्या बाबतीत मी पुराव्यालाच धरून राहते, पण ही आठ नावे मला विचारण्याची शिस्त म्हणून फार उपयोगी वाटतात. सिंधुदुर्गातून पुण्यात स्थायिक झालेल्या कुटुंबाला मधुमेहासाठी ‘भात सोडा, ज्वारीची भाकरी खा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भात आणि माशाचे कालवण शिजते, त्यांना भाकरी थापता येत नाही आणि आवडतही नाही, म्हणून तो सल्ला पंधरवड्यात गळून पडतो. त्यांना मी उकड्या तांदळाकडे परत जायला सांगते. सालासकट भात (साळ) उकडण्याच्या प्रक्रियेत कोंड्याजवळची ब जीवनसत्त्वे दाण्यात आत शिरतात आणि पॉलिश केल्यानंतरही बऱ्याच अंशी टिकतात, शिवाय न उकडलेल्या पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा त्याने साखर साधारणपणे सावकाश चढते. भाताचे माप वाटीने ठरवायचे, ताटात बांगडा किंवा तारली ठेवायची, भाजी दुप्पट करायची आणि जेवणाची सुरुवात भाजी-मासळीने करून भात नंतर घ्यायचा. अशा क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे लहान अभ्यासांत दिसले आहे, आणि हा बदल करायला खर्च काहीच येत नाही.

रक्तक्षयाबद्दल मला जरा विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण एकाच निदानाला एकच तक्ता किती अपुरा पडतो हे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा स्त्रीला ‘पालक, बीट आणि खजूर खा’ एवढे सांगून पाठवले जाते. पालकातले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते आणि बिटाचा लाल रंग म्हणजे लोह नव्हे. बाजरी खाणाऱ्या घरातल्या बाईच्या ताटात लोह पुरेसे असू शकते, पण जेवल्याबरोबर ती कडक चहा घेत असेल तर चहातील टॅनिन ते शोषू देत नाही. तिला पदार्थ वाढवण्याची गरज नसते, चहा जेवणापासून तास-दीड तास लांब नेण्याची आणि जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा आणण्याची गरज असते. दुसरी स्त्री शुद्ध शाकाहारी असते, दूध चहापुरतेच घेते, आणि तिच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या असतात. तिथे बी-१२ जीवनसत्त्व कमी असते आणि लोहाच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. तिसरीच्या पेशी लहान असतात, वर्षानुवर्षे लोह घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, आणि तपासणीत ती थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक निघते. तिला विनाकारण लोह देत राहणे योग्य नाही, आणि लग्नाआधी किंवा गरोदरपणी जोडीदाराची तपासणी होणे अत्यावश्यक आहे. चौथीच्या मासिक पाळीत रक्त खूप जाते आणि ते तिने कोणालाच सांगितलेले नसते. या चौघींचा हिमोग्लोबिनचा आकडा एकच असू शकतो. शिवाय लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी हा मधुमेहाचा तीन महिन्यांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून रक्तक्षय असलेल्या स्त्रीला ‘साखर काठावर आहे’ असे सांगितले गेले असेल तर मी डॉक्टरांशी बोलून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहण्याची विनंती करते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला ‘तुम्ही शेवटी जेवता का’ असे मी विचारते, आणि बऱ्याचदा उत्तर हो असते. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते तिचे, आणि उसळ तर आधीच संपलेली असते. हा प्रश्न कोणत्याही चाचणीत दिसत नाही. तेव्हा मी तिच्या नवऱ्याला किंवा सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत बोलावते, आणि उसळ शिजल्याबरोबर तिची वाटी बाजूला काढून ठेवायची, एवढीच एक गोष्ट त्यांच्यासमोर ठरवते. बहुतेक घरांत ही गोष्ट आनंदाने मान्य होते. कोणी आधी तसे सुचवलेलेच नसते.

औषधे आणि अन्न यांचे नाते हा या कामातला सर्वांत जबाबदारीचा भाग आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला. म्हणजे माझ्यासमोर येणाऱ्यांपैकी अनेक जण रोज गोळ्या घेत असणार. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या शाकाहारी माणसाच्या पायांना मुंग्या येत असतील तर सारा दोष मधुमेहाला देण्याआधी बी-१२ तपासायला हवे, कारण हे औषध त्या जीवनसत्त्वाचे शोषण कमी करते. मधुमेहाचेच ग्लिमेपिराइड घेणाऱ्या आजोबांनी एकादशीला दिवसभर काहीच न खाता नेहमीची गोळी घेतली तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारखे मधुमेहाचे औषध चालू असताना कोणी इंटरनेटवर पाहून कर्बोदके जवळपास बंद केली, किंवा नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहिले, तर रक्तातील आम्लता वाढून रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येऊ शकते. श्रद्धेने केलेले उपवास मोडा असे मी सांगत नाही. उपवासाआधी डॉक्टरांकडून गोळ्यांची मात्रा ठरवून घ्या, आणि साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिरा, भगर, दही, शेंगदाणे आणि फळ असा उपवास करा, असे सांगते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन चहा-न्याहारीआधी अर्धा ते एक तास थांबावे लागते, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी लागते. वॉरफॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांना पालेभाजी वर्ज्य नसते, पण तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला ‘आरोग्यदायी’ म्हणून दिलेले नारळपाणी आणि कमी सोडियमचे मीठ, ज्यात पोटॅशियम असते, जिवावर बेतू शकते.

म्हणूनच गोळ्यांच्या पाकिटांबरोबर काढे, चूर्णे, भुकट्या आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या मात्रा यांचीही मी चौकशी करते. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हा समज समग्र आरोग्याच्या नावाखाली सर्वाधिक पसरवला जातो, आणि या व्यवसायात असल्यामुळे त्याला विरोध करणे मला माझे कर्तव्य वाटते. मधुमेहात गूळ चालतो, हा असाच दुसरा समज. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण रक्तात तो साखरेसारखाच वागतो.

समग्र दृष्टीचा अर्थ मी माणसाच्या दिवसाकडे पाहणे असा घेते. चाकणच्या कारखान्यात आलटून पालटून तिन्ही पाळ्या करणाऱ्या तरुणाला ‘रात्री आठच्या आत जेवा’ हा सल्ला लागूच पडत नाही. शरीराचे अंतर्गत घड्याळ रात्री साखर हाताळायला तयार नसते, त्यामुळे तेच जेवण पहाटे तीनला केले तर साखर दिवसापेक्षा जास्त चढते. म्हणून त्याचे मुख्य जेवण आम्ही पाळीवर जाण्याआधी ठेवतो, मध्यरात्री उपाहारगृहातला वडा-पाव किंवा भाताऐवजी घरून नेलेली उकडलेली अंडी, फुटाणे किंवा मोडाची मटकी, आणि सकाळी घरी आल्यावर हलकी न्याहारी करून अंधार केलेल्या खोलीत झोप. त्या झोपेत फोन आणि दाराची घंटा येऊ नये, हे घरच्यांनी सांभाळायचे असते, आणि तो त्याच्या आहारयोजनेचाच भाग असतो. एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसाचे दुखणे याहून वेगळे असते. त्याला स्वयंपाक येतो, पैसेही असतात, पण एकट्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही. त्याला मी पाककृती देत नाही. आठवड्यातून निदान दोनदा कोणाबरोबर तरी जेवायचे कसे जमवता येईल, हे आम्ही मिळून शोधतो.

काही गोष्टी मी करत नाही. कोणाचेही औषध मी बंद करत नाही किंवा कमी करत नाही. आहारामुळे साखर उतरू लागली की तसे पत्र डॉक्टरांना लिहिते. प्रयत्न न करता वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, गिळताना त्रास होत असेल, तर आहाराची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवते. एखादी मुलगी जेवणाच्या भीतीने खंगत चालली असेल तर तिला मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते, आणि तिच्या हाती उष्मांकांचा तक्ता देणे म्हणजे तिच्या आजाराला मदत करणे होय. आपल्याकडे समाजमाध्यमांवर कोणीही स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवून घेतो, म्हणून सल्ला घेण्याआधी समोरच्याचे शिक्षण विचारण्याचा संकोच करू नये. पोषणशास्त्रातली पदवी, रुग्णालयातला प्रत्यक्ष अनुभव, आणि भारतीय आहारतज्ज्ञ संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही परीक्षा, यांविषयी विचारता येते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांविषयीच्या केंद्रीय कायद्यात पोषण व्यावसायिकांचा समावेश झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे.

पहिल्या तासानंतर मी जे लिहून देते, त्यात सहसा दोन किंवा तीनच बदल असतात, आणि ते घरातल्या त्याच पातेल्यातून होणारे असतात. एका माणसासाठी वेगळे पदार्थ मागणारी योजना स्वयंपाक करणाऱ्या बाईवर ओझे टाकते आणि फार काळ टिकत नाही. भाजी वाढवायची असेल तर सगळ्यांसाठी वाढते, तेल कमी करायचे असेल तर सगळ्यांचे कमी होते, जवसाची किंवा कारळ्याची चटणी ताटात आली तर ती मुलांच्याही ताटात येते. दोन आठवड्यांनी मी फोन करून विचारते की यातले काय जमले नाही. जे जमले नाही ते बदलते, माणसाला बोल लावत नाही. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासू नका असे सांगते, कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि त्याआधीच्या आकड्यात जुने दिवस मिसळलेले असतात. हिमोग्लोबिन मात्र उपचार योग्य असेल तर महिनाभरात वर सरकलेले दिसायला हवे, आणि तसे दिसले नाही तर कारण शोधायला पुन्हा सुरुवातीपासून लागावे लागते.

कोणत्याही आहारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाणार असाल तर तीन दिवसांच्या खाण्याची खरीखुरी नोंद सोबत न्या, ज्यात एक दिवस सुट्टीचा असेल. नोंदीसाठी म्हणून ते तीन दिवस मुद्दाम चांगले खाऊ नका. चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे आणि भुकट्या पिशवीत घालून न्या, मागच्या वर्षभराचे रक्ताचे अहवाल न्या, आणि घरात जे स्वयंपाक करतात त्यांना शक्य असेल तर बरोबर घेऊन जा.